परतीची वेळ कोण ठरवणार?

जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक हे कुकडीकाठचे गाव. नारायणगावच्या पूर्वेला, कांदा-टोमॅटोच्या सपाट मुलखात वसलेले. जुलै महिन्यात इथे अनेकदा लख्ख ऊन असते, शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो आणि तरीही नदी फुगलेली दिसते. ते पाणी इथले नसतेच. कुकडी उगम पावते ती पश्चिमेला, नाणेघाटाच्या अलीकडे, कुकडेश्वराच्या परिसरात. तिथल्या डोंगरांवर कोसळलेला पाऊस माणिकडोह आणि येडगावची धरणे भरून खाली येतो. बोरीच्या बाजूला वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी बरे वर्ष म्हणायचे. तिथून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवरच्या घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट पडतो. एकच तालुका, पण आभाळे दोन.

ही भूगोलाची गोष्ट इथे सांगण्याचे कारण असे की, जुन्नरच्या डोंगरांत दर पावसाळ्यात होणाऱ्या अपघातांची सुरुवात पुष्कळदा या दोन आभाळांच्या फरकातून होते. पुण्याहून शनिवारी-रविवारी पहाटे निघालेल्या मोटारी नाशिक रस्त्याने नारायणगावला चहासाठी थांबतात. ऊन पडलेले असते. 'आज पाऊस नाही, नशीब चांगले आहे,' असे कोणीतरी म्हणते आणि तिथेच, टपरीवर, दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होऊन जातो. तो निर्णय झाला आहे हे मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे घाटघरला पोहोचेपर्यंत धुके आणि पाऊस सुरू झालेला असतो. पण तोवर 'इतक्या लांब आलोच आहोत' हे वाक्य तयार असते.

बोरीचे नाव जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे ते वेगळ्याच कारणाने. इथे कुकडीच्या काठाच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली आणि तिच्या सोबतीने अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही. राख आली सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून, म्हणजे तीन हजार किलोमीटरवरून. ती पाऊण लाख वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची की त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, यावर विद्वानांचे वाद झाले. त्या वादात आपण पडण्याचे कारण नाही. पण ज्या गावाच्या मातीत इतक्या दुरून आलेली राख आहे आणि ज्याच्या नदीला न दिसणाऱ्या पावसाचे पाणी येते, त्या गावाशेजारून जाताना डोक्यावरचे आभाळ पाहून डोंगराचा अंदाज बांधावा, हे जरा गमतीचेच.

गर्दी आणि बंदी

जुन्नरकडे येणाऱ्यांची संख्या वाढणार, यात शंका नाही. २०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात शिवनेरी आहे. शिवनेरीवर जाणारा माणूस शेजारचे चावंड, हडसर, जीवधन, नाणेघाट पाहण्याचा विचार करतो, आणि ते स्वाभाविक आहे. फरक एवढाच की शिवनेरीवर सात दरवाज्यांची रुंद पायरीवाट आहे आणि जीवधनच्या पायऱ्या इंग्रजांनी मराठेशाही बुडवल्यावर तोडून टाकलेल्या आहेत. तिथे आज कातळाला हात लावून, दोर किंवा गज धरून वर जावे लागते. शिवनेरीच्या मागच्या अंगाची साखळीची वाटही तशीच. एकाच किल्ल्याला दोन वाटा आणि त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर, हे आपल्या सह्याद्रीत नेहमीचे आहे. पलीकडे भीमाशंकरला कर्जतच्या खांडसकडून चढणाऱ्यांसमोर दोन पर्याय असतात: लांबचा पण सोपा गणेश घाट आणि जवळचा पण शिड्यांचा, ओल्या कातळाचा शिडी घाट. पावसाळ्यात कोणती वाट धरावी हे तिथले पोरही सांगेल. तरीही शिडी घाटाला माणसे जातातच, कारण गणेश घाटाने गेल्याचे फोटो तितकेसे थरारक येत नाहीत.

मोठा अपघात झाला की प्रशासन जागे होते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाणी वरून अचानक वाढले. आधी घोट्याएवढ्या प्रवाहात उभी असलेली माणसे काही क्षणांत अडकली आणि बाहेर पडायला वाट उरली नाही. त्यानंतर पुणे जिल्ह्यातील धबधबे, धरणे, किल्ले अशा ठिकाणी बंदी आदेश निघाले; जुन्नर आणि आंबेगाव तालुकेही त्यांत होते. पंधरा-वीस दिवसांनी रायगड जिल्ह्यात माणगावजवळच्या कुंभे धबधब्याच्या परिसरात चित्रफीत करताना एक तरुणी दरीत कोसळली. पुन्हा चर्चा झाली, पुन्हा फलक लागले.

बंदीला सरसकट विरोध करण्यात अर्थ नाही. लाल इशारा असलेल्या दिवशी नाणेघाटाच्या कड्यावर हजार माणसे उभी राहू देणे हे प्रशासनाला परवडणारे नाही. त्या कड्याचे प्रसिद्ध आकर्षण म्हणजे उलटा धबधबा. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून वर उसळतो आणि पडणारे पाणी परत वर फेकतो. लोक काठावर जाऊन त्या वाऱ्यावर रेलून उभे राहतात. वारा सतत असतो तोवर ते पडत नाहीत. तो एका क्षणासाठी थांबला की शरीराचा तोल पुढे गेलेला असतो. हे समजावून सांगायला तिथे पोलीस नव्हे, दहा वर्षे तो वारा पाहिलेला घाटघरचा माणूस हवा.

आणि बंदीची अडचण नेमकी तिथेच आहे. बंदी आली की घाटघरची पिठले-भाकरी बंद होते, वाटाड्याचे काम बंद होते, गाड्या लावून घेणाऱ्या पोरांची कमाई बंद होते. आलेली गर्दी मात्र घरी परतत नाही. ती पोलीस नसलेल्या, नाव नसलेल्या एखाद्या ओढ्याकडे वळते, जिथे कोणाला काही ठाऊक नसते. शिवाय बंदीमुळे विचार करण्याचे कामच संपते. बंदी असेल तर धोका आणि बंदी नसेल तर धोका नाही, असा एक सोयीचा समज होतो. डोंगर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश वाचत नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगावातील माळीण गाव सकाळी डोंगराखाली गेले, १५१ माणसे गेली. ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्या उतारावर राहत होती. जिथे राहणाऱ्याला डोंगराने फसवले, तिथे एका दिवसाच्या पाहुण्याने किती गृहीत धरावे?

नवखे आणि जाणते

अपघात फक्त नवख्यांचे, हुल्लडबाजांचे होतात, असे मानणे सोपे असते. आपण हुल्लडबाज नाही, म्हणून आपल्याला काही होणार नाही, हा त्यातला गर्भित दिलासा. पण सह्याद्रीचा अनुभव तसे सांगत नाही. सांदण दरीसारखी ठिकाणे लोकांपुढे आणणारे, आयुष्यभर कडे-सुळके पायाखाली घातलेले अरुण सावंत जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोराने उतरण्याच्या मोहिमेत दरीत कोसळून गेले. त्यांच्याइतका कोकणकडा जाणणारी माणसे थोडीच असतील. त्याआधी नोव्हेंबर २०१८ मध्ये ठाणे जिल्ह्यातील एक गट याच कड्यात अंधार पडल्याने अडकला होता. त्यांना रात्र तिथेच काढावी लागली आणि दुसऱ्या दिवशी बचाव पथकांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले.

अमेरिकेत इयन मॅकॅमन या अभ्यासकाने हिमप्रपातांच्या सातशेहून अधिक अपघातांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांना आढळले ते असे की, धोक्याच्या खुणा समोर दिसत असूनही माणसे पुढे गेली. परिचयाच्या जागी, आधीच मनाशी ठरवून टाकलेल्या बेतात, जाणता म्हणून कोणीतरी बरोबर असताना आणि इतरही जाताना दिसत असताना माणसांची सावधगिरी सैल पडते. शिक्षण घेतलेलेही त्यातून सुटत नव्हते. आपल्याकडे हिमप्रपात नाहीत. पण हे चारही सापळे आपल्याकडे पावसाळ्यातील कोणत्याही रविवारी पाहायला मिळतील. 'मी इथे दहा वेळा आलोय' हा पहिला. 'आता पैसे भरलेत' हा दुसरा. 'सर आहेत ना बरोबर' हा तिसरा. आणि 'ते बघ, ते लोक गेलेच की' हा चौथा.

यातला पैशांचा सापळा आपल्याकडे अलीकडे वाढला आहे. पूर्वी डोंगरावर जायचे म्हणजे चार मित्र, एस.टी. आणि ओळखीच्या गावात मुक्काम. आता माणशी हजार-दीड हजार भरून, बसने, अनोळखी पन्नास जणांबरोबर जाण्याची पद्धत पडली आहे. पद्धत वाईट नाही. एकट्यादुकट्याला, विशेषतः मुलींना, तिने डोंगर खुले केले. पण या व्यवहारात एक तिढा आहे. गटप्रमुखाला परत फिरायचे असेल तर पन्नास जणांची निराशा आणि परताव्याच्या मागण्या सोसाव्या लागतात. ज्याने पैसे भरले तो 'शिखर' विकत घेतले असे समजतो. खरे तर त्याने जाणत्या माणसाचा 'नाही' म्हणण्याचा अधिकार विकत घेतलेला असायला हवा. राज्य सरकारने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी नियमावली आणली आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. नोंदणी, प्रशिक्षित माणसे, साधने, विमा या गोष्टी त्यामुळे कागदावर तरी आल्या. त्यांची अंमलबजावणी व्हायलाच हवी. पण दोर तपासता येतो, शिरस्त्राण मोजता येते. 'आता पुरे' म्हणण्याची हिंमत तपासण्याचा रकाना कोणत्याही अर्जात नसतो.

दुपारचे दोन

या बाबतीत जगाला सर्वांत मोठा धडा मिळाला तो मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर. १० आणि ११ मे रोजी वादळात आठ जण गेले. त्यांत उत्तरेच्या बाजूने चढणारे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे आपले तीन जवान होते. दक्षिणेकडून दोन व्यावसायिक मोहिमा चढत होत्या. त्यांपैकी एकीचे प्रमुख रॉब हॉल हे न्यूझीलंडचे अत्यंत काटेकोर गिर्यारोहक. ठरावीक वेळेला, मग शिखर हाताच्या अंतरावर का असेना, परत फिरायचे असा त्यांचा नियम होता. पण ती वेळ दुपारची एक की दोन, हे त्या दिवशी पक्के ठरलेलेच नव्हते, असे त्या मोहिमेतून बचावलेले पत्रकार जॉन क्राकौर यांनी लिहून ठेवले आहे. हॉल यांच्याबरोबर डग हॅन्सन हे टपाल खात्यातील गृहस्थ होते. आदल्या वर्षी हॉल यांनीच त्यांना शिखराजवळून परत फिरवले होते. या वर्षी ते शिखरावर पोहोचले तेव्हा चार वाजून गेले होते. दोघेही परत आले नाहीत. आदल्या वर्षीच्या योग्य निर्णयाचे ओझे या वर्षीच्या निर्णयावर पडले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

त्याच मोसमात स्वीडनचा योरान क्रोप सायकल चालवत काठमांडूला आला होता. मेच्या पहिल्या आठवड्यात तो एकटा एव्हरेस्टवर चढला आणि शिखर शंभर-एक मीटर उरले असताना, उशीर झाला म्हणून मागे वळला. मायदेशापासून हजारो किलोमीटर पायडल मारून आलेला माणूस शंभर मीटरवरून वळतो, हे मला शिखर गाठण्यापेक्षा अवघड वाटते. तीन आठवडे उलटण्याआधी तो पुन्हा चढला आणि शिखरावर पोहोचलाही. समजा नसता पोहोचला, तरी त्याचा पहिला निर्णय चुकीचा ठरला नसता. पण आपण गोष्ट सांगताना शेवट गोड असलेलीच निवडतो, हाही आपला एक सापळाच.

एव्हरेस्टचे जीवधनाशी काय नाते, असे कोणी विचारील. नाते घड्याळाचे आहे. जरा हिशोब मांडू. पंचवीस जणांचा गट आहे. वाटेत एक कातळटप्पा आहे, तिथे दोर एकच. एकाला चढायला पाच मिनिटे लागतात असे धरले, तर सगळ्यांना वर जायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. उतरताना तितकाच, बहुधा जास्त, कारण उतरताना पाऊल कुठे ठेवायचे ते दिसत नाही आणि मांड्या थरथरत असतात. म्हणजे एका कातळटप्प्याचे चार-साडेचार तास झाले. हे तास कार्यक्रमपत्रिकेत नसतात. तिथे 'चढाई दोन तास' असे लिहिलेले असते आणि ते खरेही असते, पण दोघातिघांसाठी. त्यात पुण्याहून निघायला तासभर उशीर झालेला, नाश्त्याला तासभर गेलेला. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. जुलैत सव्वासातपर्यंत उजेड असतो असे पंचांग म्हणते, पण धुक्यात आणि झाडीत सहालाच अंधार दाटतो. शेवाळलेल्या कातळावर विजेरीच्या उजेडात पंचवीस माणसे उतरू लागली की मग जे होते त्याला आपण 'दुर्दैवी अपघात' म्हणतो.

म्हणून परतीची वेळ घरातून निघतानाच ठरवून, सर्वांना सांगून, शक्य तर लिहून ठेवायला हवी. वर गेल्यावर ती ठरवता येत नाही. वर भूक असते, दमणूक असते, शिखर दिसत असते आणि फोटो काढायला मित्र हाका मारत असतात. अशा वेळी माणूस निर्णय घेत नाही, सवड काढतो: 'अजून अर्धा तास बघू.' ओढ्याबाबतही तेच. पाणी गढूळ झाले, काड्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की वर जोराचा पाऊस झाला आहे असे समजून लगेच, वस्तू न गोळा करता, बाहेर पडायचे. जाताना घोट्याएवढा असलेला ओढा येताना कमरेएवढा झाला असेल तर पलीकडेच थांबायचे. घाटातले ओढे चढतात तसे उतरतातही लवकर. पाऊस थांबल्यावर बहुतेक दोन-चार तास कळ काढायची असते. घरच्यांना काळजी वाटेल म्हणून ओढा ओलांडू पाहणे, हा काळजीचा सर्वांत विपरीत परिणाम.

पावसाळा संपला की धोका संपत नाही, तो फक्त रूप बदलतो. वाळलेले गवत कातळावर शेवाळाइतकेच घसरडे असते, मुरमाड घसाऱ्यावर पाय ठरत नाही, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मधमाश्या असतात. मार्च २०२५ मध्ये शिवनेरीवर मधमाश्यांनी पर्यटकांवर हल्ला केला. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरड यांनी आग्या मोहोळ उठते, हे हिरडा गोळा करायला रानात जाणाऱ्या इथल्या आदिवासी बायकांना शिकवावे लागत नाही.

चुकीचे बिल

गट अडकला की बातमीत 'सुखरूप सुटका' असे येते. सुटका करणारे कोण असतात? लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक, आपापली नोकरी-दुकान सोडून आलेले. त्यांचा मेळ घालणारे महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर. आणि सर्वांआधी पोहोचणारे त्या डोंगराच्या पायथ्याचे गावकरी. जुलै म्हणजे पश्चिम जुन्नरमध्ये भाताच्या आवणीचे दिवस. चिखलात वाकलेला माणूस हातातली रोपे बांधावर ठेवून रात्री पावसात बॅटरी घेऊन अनोळखी पोरांना शोधायला निघतो. तो निसरड्या वाटेने जातो तेव्हा त्याचाही पाय घसरू शकतो, हे आपल्या हिशोबात येत नाही. शहरातल्या चारजणांनी दुपारी तीनला न घेतलेला निर्णय रात्री दहाला त्याच्या गळ्यात पडतो. सुटका झालेल्यांकडून खर्च वसूल करावा, दंड करावा, अशी मागणी अधूनमधून होते. मला ती धोक्याची वाटते. दंडाच्या भीतीने माणसे मदत मागायला उशीर करतील आणि जीव जातील. त्यापेक्षा चढण्याआधी त्याच गावातला वाटाड्या पैसे देऊन बरोबर घ्यावा. तो वाट दाखवतो हे कमी महत्त्वाचे. तो 'आज नको' म्हणतो, हे अधिक. आणि त्याने तसे म्हटले तर त्याचे दिवसाचे पैसे पूर्ण द्यावेत, म्हणजे पुढच्या वेळीही तो खरे बोलेल.

संयोजक संस्थांनाही एक साधी गोष्ट करता येईल. वाटेतून गट परत आणावा लागला तर त्याच लोकांना पुन्हा एकदा नाममात्र खर्चात न्यायचे, हे आधीच जाहीर करावे. काही रुपये जातील. पण ओल्या कातळासमोर उभ्या असलेल्या विशी-बाविशीतल्या गटप्रमुखाच्या मानेवरचे जोखड उतरेल.

आणि घर? डोंगरावर जाऊ नको, असे सांगून पोरे थांबत नाहीत, न सांगता जातात. तो मार्ग जास्त धोक्याचा. सोमवारी सकाळी शेजारी, नातेवाईक विचारतात, 'काय, वर पोहोचलात का?' 'नाही, पाऊस वाढला म्हणून अर्ध्यातून आलो,' असे उत्तर आले की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पोरांना तो चेहरा आठवतो, कातळाखाली उभे असतानाही. म्हणून शनिवारी रात्री डबा भरून देताना आईवडिलांनी एवढेच विचारावे: कोणती वाट, बरोबर कोण, आणि परत किती वाजता फिरणार? उत्तर एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवावे. डोंगरात फोन लागत नाही, त्यामुळे ठरल्या वेळेनंतर थोडा उशीर झाला तर घाबरू नये. पण पायथ्याच्या गावी परतण्याची वेळ टळून दोन-तीन तास झाले तर वाट पाहत बसू नये. त्याच कागदावर ११२ च्या खाली, गट ज्या गावातून चढला तिथल्या माणसाचा नंबर असावा.